ऑक्टोबरचा भाव एप्रिलमध्येच कसा ठरतो?

सांगलीत एका बँकेत मी बरीच वर्षं मालतारण कर्जाच्या, म्हणजे गोदामातल्या मालावर द्यायच्या कर्जाच्या, टेबलावर बसलो. एका एप्रिलात, हळदीचा हंगाम भरात असताना, एक तात्या समोर येऊन बसले. बोटांच्या पेरांत हळद मुरलेली. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. पडद्यावर दोन आकडे होते: हजर भाव, म्हणजे आज माल घ्यायचा भाव, क्विंटलला १५,००० रुपये आणि ऑक्टोबरचा वायदा १६,२०० रुपये. (हिशेब तोंडी करता यावा म्हणून आकडे इथे गोल करून घेतले आहेत.)

“साहेब, हे बघा की. बाजारच सांगतोय बाराशेनं वाढणार म्हणून. मग आत्ता कशाला इकायची?”

प्रश्न अगदी रास्त होता. शेअर बाजारात वावरणारी, शिकलीसवरलेली माणसंही वायद्याचा आकडा असाच वाचतात. पुढच्या महिन्याचा निफ्टीचा वायदा वर दिसला की ‘बाजार तेजीत आहे’ म्हणतात. पण तात्यांचा प्रश्न मला जास्त लागला, कारण त्यावर त्यांची वर्षाची कमाई अडकणार होती. आणि खरी गोष्ट अशी होती की त्या बाराशे रुपयांत भाववाढीचा अंदाज जवळजवळ नव्हताच. ते बाराशे रुपये म्हणजे व्याज आणि गोदामाचं भाडं.

हे कसं, ते सांगतो. आधी वायदा म्हणजे काय ते पाहू.

जमिनीच्या व्यवहारात आपण इसार पावती करतो. आज भाव ठरतो, थोडा इसार दिला जातो आणि खरेदीखत चार-सहा महिन्यांनी होतं. मधल्या काळात जमिनीचा भाव चढला तर ज्याच्या हातात ती पावती आहे त्याचा फायदा, उतरला तर त्याचा तोटा. पावतीच्या कागदाला स्वतःची किंमत काहीच नाही. तिची सगळी किंमत जमिनीच्या भावावर टांगलेली. दुसऱ्या कशाच्या तरी भावावर ज्याची किंमत अवलंबून असते, अशा प्रत्येक कराराला डेरिव्हेटिव्ह म्हणतात. त्यातला सगळ्यात साधा आणि सगळ्यात जुना प्रकार म्हणजे फॉरवर्ड, आपल्या व्यापाऱ्यांच्या भाषेत वायद्याचा सौदा. माल पुढे द्यायचा, पैसे पुढे घ्यायचे, भाव मात्र आजच पक्का करायचा.

आता भाव. समजा एक व्यापारी मसाला कंपनीला म्हणतो, ऑक्टोबरात तुम्हाला हळद देतो. त्याने काय भाव सांगावा? ऑक्टोबरात पाऊसपाणी कसं असेल, निर्यात किती होईल, यावर डोकं खाजवत बसायची त्याला गरजच नाही. तो आजच हळद घेऊन ठेवू शकतो. १५,००० रुपये बँकेकडून उचलले, १२ टक्के व्याजाने सहा महिन्यांचे ९०० रुपये झाले. गोदाम, विमा, वजनातली घट मिळून ३०० धरू. ऑक्टोबरात ती हळद त्याला १६,२०० रुपयांना पडली. मध्ये भाव २५,००० झाला काय आणि १०,००० झाला काय, त्याचा हिशेब बदलत नाही. माल त्याच्या गोदामात आहे आणि गिऱ्हाईक ठरलेलं आहे.

म्हणून ऑक्टोबरचा भाव १६,२००. आजचा भाव, अधिक माल तोवर सांभाळून नेण्याचा खर्च. वायद्याच्या भावाचं मूळ सूत्र एवढंच आहे.

बाजार या आकड्याला धरून का राहतो, हे समजून घेण्यासारखं आहे. समजा उत्साहाच्या भरात कुणी ऑक्टोबरसाठी १७,००० द्यायला निघालं. मग ज्याच्याकडे पत आहे तो प्रत्येक व्यापारी कर्ज काढेल, आज हळद घेईल, गोदामात टाकेल आणि १७,००० ला वायदा विकून मोकळा होईल. क्विंटलमागे ८०० रुपये सुटले, तेही भावाची जोखीम न घेता. असा पैसा बाजारात फार काळ पडून राहत नाही. हजर खरेदी वाढली की आजचा भाव चढतो, वायद्यात विक्री वाढली की वायद्याचा भाव उतरतो आणि दोघांतलं अंतर पुन्हा बाराशेच्या आसपास येतं.

उलट बाजूने पाहा. वायदा १५,६०० वर घसरला. ज्याच्या गोदामात आधीच माल आहे तो आज १५,००० ला विकेल आणि पैसे आपल्या कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेच्या कर्जाच्या, खात्यात भरेल. ९०० रुपयांचं व्याज वाचलं, ३०० चा साठवणखर्च वाचला. त्याच वेळी १५,६०० ला ऑक्टोबरचा वायदा घेऊन ठेवला की माल परत हातात येणार आणि वर ६०० रुपये शिल्लक. या वाटेने वायदा वर ढकलला जातो.

मग अंदाजाला काहीच जागा नाही का? आहे, पण ती दुसरीकडे आहे. यंदा ऑक्टोबरात हळदीचा तुटवडा पडणार असं सगळ्यांना वाटू लागलं तर लोक आजच घेऊन साठवायला धावतील आणि आजचाच भाव १५,००० चा १८,००० होईल. वायदाही त्यासोबत वर जाईल. अंदाज दोन्ही आकड्यांत एकदम शिरतो. दोघांतल्या फरकात मात्र व्याज आणि भाडंच उरतं. तात्या फरकाकडे बघत होते आणि बातमी मुळात हजर भावातच सामावलेली होती.

हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “म्हंजे मी सा महिनं ठिवली, आन भाव खरंच सोळा हजार दोनशे झाला, तरी मला काय मिळालं न्हाई?” बरोबर हेच. व्यापाऱ्याच्या १२ टक्के दराने कर्ज काढून ठेवली असती तर काहीच मिळालं नसतं. हा दराचा मुद्दा महत्त्वाचा आहे, शेवटी त्यावर येतो.

साठवण हा शब्द आपण सहज उच्चारतो, पण सांगलीकराला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोदलेली पेवं होती, त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड जगत नाही. पेव उघडलं तर माणूस लगेच आत उतरू शकत नाही, आधी आतला वायू बाहेर जाऊ द्यावा लागतो. ‘पेव फुटणे’ हा आपला वाक्प्रचार अशा पेवांवरूनच आला. २००५ च्या महापुरात पाणी या पेवांत शिरलं आणि हळदीसकट कितीतरी पेवं गेली. साठवणखर्चाचे ३०० रुपये मी वर बोटावर मोजल्यासारखे लिहिले, पण त्यात अशा पुराची भीतीही मोजलेली असते. विम्याचा हप्ता म्हणजे त्या भीतीचीच किंमत.

साठवण भावाला कुठवर नेऊ शकते, हे २० एप्रिल २०२० ला साऱ्या जगाने पाहिलं. कोविडमुळे तेलाचा खप कोसळला होता. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या कुशिंग गावी ज्या टाक्यांवर तिथल्या वायद्याचं तेल ताब्यात घ्यावं लागतं, त्या टाक्यांतली जागा भरत आली होती आणि उरलेली बहुतेक आधीच बोललेली होती. मे महिन्याचा वायदा संपायला एक दिवस होता. ज्यांच्या हाती तो करार होता त्यांच्याकडे तेल ठेवायला ठिकाण नव्हतं. भाव उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या. मुंबईच्या एमसीएक्स या वायदे बाजारातही सौदे त्याच भावाला बांधलेले, त्यामुळे इथे हिशेब पिंपाला उणे २,८८४ रुपयांनी झाला. लॉकडाऊनमुळे आपला बाजार तेव्हा संध्याकाळी पाचलाच बंद होत होता. अमेरिकेत भाव शून्याखाली गेला तेव्हा इथल्या खरेदीदारांना बाहेर पडायलाही वाव नव्हता.

आता वरच्या सूत्राची दुसरी बाजू. कधीकधी पुढचा भाव आजच्यापेक्षा कमी असतो. डिसेंबरात जुनी हळद संपत आलेली असते आणि नवी फेब्रुवारी-मार्चनंतर आवकेला येणार असते. मसाल्याच्या कारखान्याला चक्की बंद ठेवून चालत नाही, त्याला आज हळद हवी. एप्रिलच्या वायद्याचा कागद त्याच्या चक्कीत टाकता येत नाही. हातात माल असण्यालाच तेव्हा किंमत येते आणि ती व्याज-भाड्यालाही मागे टाकते. वर मी सांगितलं की वायदा स्वस्त झाला तर साठा असलेला माणूस आज विकेल. पण साठाच नसेल, किंवा असलेला कुणी सोडायला तयार नसेल, तर वायद्याला वर ढकलणारं कुणी उरत नाही. म्हणून महाग वायदा पटकन जागेवर येतो, स्वस्त वायदा मात्र महिनोन्‌महिने तसाच राहू शकतो. सूत्राची वरची कड पक्की आहे, खालची ढिली. बऱ्याच पुस्तकी मांडण्यांत दोन्ही सारख्याच पक्क्या असल्यासारख्या दाखवतात, ते शेतमालाला लागू पडत नाही.

मुंबईच्या शेअर बाजाराला या दोन्ही अवस्थांसाठी स्वतःचे शब्द होते. तिथे जुलै २००१ पर्यंत बदला चालायचा. शेअर घेतले पण पैसे आत्ता भरायचे नाहीत, तर सौदा पुढच्या हिशेबाच्या दिवसावर ढकलायचा आणि त्याचं व्याज द्यायचं. हा सीधा बदला. पण विकणाऱ्यांनी जास्त विकून ठेवलं आणि शेअरच मिळेनासे झाले की उलट विकणाराच घेणाऱ्याला पैसे द्यायचा. तो उंधा बदला. परदेशी पुस्तकांतल्या जड संज्ञांपेक्षा मला हे दोन शब्द फार उपयोगी वाटतात. डिसेंबरातली हळद म्हणजे उंधा बदलाच.

शेअरच्या वायद्यात गोदाम नाही, घट नाही. व्याज मात्र आहे, आणि शेअर सांभाळणाऱ्याला मध्ये लाभांश मिळतो तो वजा करायचा. १,००० रुपयांचा शेअर, ७ टक्के दर, तीन महिने: १७.५० रुपये व्याज. मुदतीच्या तोंडावर १० रुपये लाभांश मिळणार असेल तर वायदा साधारण १,००७.५० ला असायला हवा. सोन्याचंही असंच, साठवण नगण्य, जवळपास सगळा फरक व्याजाचा.

परकीय चलनात हेच गणित जरा वेगळ्या वेशात येतं आणि तिथे लोक हमखास फसतात. तासगावचा द्राक्ष निर्यातदार सहा महिन्यांनी येणारे युरो आज बँकेला विकून ठेवू पाहतो. समजा युरो आज १०० रुपये आहे. रुपयावर वर्षाला ६ टक्के, युरोवर २ टक्के व्याज धरू. बँक त्याला १०१.९८ चा भाव देते. तो खूश होतो: बँकेलाही वाटतंय युरो महागणार! बँकेला तसं काही वाटत नाही. तिने काय केलं बघा. सहा महिन्यांनी निर्यातदार १०० युरो देणार आहे, म्हणून तिने आज ९९.०१ युरो उधार घेतले. त्यांचे व्याजासह बरोबर १०० होतात. ते युरो आजच विकून ९,९०१ रुपये आले. ते सहा महिने ३ टक्क्यांनी लावले की १०,१९८ होतात. निर्यातदाराचे १०० युरो आले की उधारी फिटली आणि त्याला १०,१९८ रुपये देऊन टाकले. युरोमागे १०१.९८. दोन देशांच्या व्याजदरांतला फरक, एवढंच त्यात आहे. ज्या चलनावर व्याज जास्त, ते पुढच्या भावात स्वस्त दिसणारच.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. करार झाला त्या दिवशी त्याची किंमत शून्य असते, म्हणूनच तर कुणी कुणाला पैसे न देता तो होतो. नंतर मात्र ती हलते. समजा एप्रिलात १६,२०० ला ऑक्टोबरची हळद घेऊन ठेवली. जुलैत हजर भाव १८,००० झाला. आता ऑक्टोबरसाठी नवा सौदा केला तर तीन महिन्यांचं व्याज ५४० आणि साठवण १५० धरून १८,६९० चा होईल. तुमचा जुना करार तोच माल २,४९० रुपयांनी स्वस्त देतोय. पण हा फायदा ऑक्टोबरात हाती येणार, म्हणून तीन महिन्यांचं तीन टक्के व्याज धरून तो मागे आणायचा, म्हणजे १.०३ ने भागायचा. आजची किंमत सुमारे २,४१७ रुपये. विकणाऱ्याच्या कागदावर तेवढाच तोटा. मात्र त्याच्या गोदामात हळद असेल तर तिचा भावही चढलाच आहे. तो बुडालेला नाही, त्याने फक्त वरचा फायदा सोडला आणि खालची भीती टाळली.

विकणारा शब्द पाळेल का, हा प्रश्न इथेच उभा राहतो. जमिनीचा भाव वाढल्यावर इसार परत करायला निघालेले मालक आपण सगळ्यांनी पाहिलेत. मुंबईने तर हे मोठ्या प्रमाणावर भोगलंय. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशांवर शेअरांचे मुदतीचे सौदे फोफावले. युद्ध संपलं, कापूस कोसळला. १ जुलै १८६५ ला त्या सौद्यांची मुदत भरली तेव्हा देणारे आणि घेणारे दोघांनाही आपला शब्द पाळता आला नाही. पुढे १८७५ मध्ये मुंबईत कापूस व्यापाऱ्यांची संघटना निघाली आणि वायद्याला नियम आले. आजच्या एक्स्चेंजवरच्या वायद्यात, म्हणजे फ्युचर्समध्ये, मधे क्लिअरिंग कॉर्पोरेशन, म्हणजे दोन्ही बाजूंची हमी घेणारी संस्था, उभी असते. दोघांकडून मार्जिन, म्हणजे अनामत, घेतलं जातं आणि रोजचा नफातोटा रोज खात्यात फिरवला जातो. भावाचं गणित फॉरवर्डचंच, फक्त शब्द मोडायला जागा ठेवलेली नाही.

माल मात्र खरोखर असावा लागतो. मुंबईतल्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजवर लोक जोडीने सौदे करत होते. दोन दिवसांत माल घ्यायचा सौदा विकत घ्यायचा आणि त्याच वेळी साधारण महिन्याभराने तोच माल द्यायचा सौदा विकायचा. दोन्ही भावांतला फरक म्हणजे व्याज. मी वर व्यापाऱ्याचं म्हणून जे गणित सांगितलं तेच हे, घरबसल्या. बँकेपेक्षा बरं व्याज मिळतंय म्हणून हजारो लोकांनी पैसे घातले. ३१ जुलै २०१३ ला सौदे थांबले आणि नोंदींत दाखवलेला माल गोदामांत नसल्याचं निघालं. सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले. गणितात चूक नव्हती. ‘आज हळद घेऊन गोदामात ठेवली’ हे पहिलं वाक्यच खोटं होतं. मालतारणाच्या टेबलावर आम्ही गोदामात जाऊन थप्प्या मोजायचो, मधलं पोतं ओढून त्यात लोखंडी नळी खुपसून नमुना काढून पाहायचो. तेव्हा ते काम कंटाळवाणं वाटे. आज वाटतं, सगळा वायदे बाजार त्या नळीच्या टोकावर उभा आहे.

आता तात्यांचा राहिलेला हिशेब. बाराशेचा आकडा १२ टक्क्यांच्या व्याजावर उभा होता, म्हणजे व्यापाऱ्याच्या दरावर. तात्यांचा दर तो नव्हता. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात हळद ठेवली की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिन्यांपर्यंत, ६ टक्के व्याजाने. १५,००० वर ११,२५० रुपये मिळाले, त्याचं सहा महिन्यांचं व्याज ३३७.५०. उरलेले ३,७५० तात्यांचे स्वतःचे अडकले, ते ठेवीत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर १३१ मिळाले असते. साठवणखर्च ३०० तसाच धरू. सगळे मिळून ७६९ रुपये.

त्यांनी हळद नुसतीच धरून ठेवली असती तर ती पैज होती, भाव चढला तर फायदा, उतरला तर नुकसान. पण तारणावर ठेवून त्याच दिवशी ऑक्टोबरचा वायदा १६,२०० ला विकला असता, तर १५,००० आणि ७६९ वजा जाता क्विंटलला ४३१ रुपये पक्के होत होते. भावाकडे बघायचीही गरज नाही. मार्जिन सांभाळणं आणि एक्स्चेंजच्या प्रतीत बसेल असा माल देणं एकट्या शेतकऱ्याला जड जातं, म्हणून हे काम गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीतून करावं लागतं. लातूरच्या सोयाबीनवाल्याला तर हा दरवाजाच बंद झाला, डिसेंबर २०२१ मध्ये बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि ती बंदी पुढे पुन्हा पुन्हा वाढवली.

तात्यांनी कागद घडी करून खिशात घातला. निम्मी हळद त्यांनी त्याच आठवड्यात विकली, निम्मी तारणावर ठेवली. जाताना विचारलं, “आपल्या गावात ती कंपनी काढायला किती माणसं लागत्यात?” दहा, मी म्हटलं.